वचनाच्या पुढची ओळ



निवडणूक आली की तुमच्या गल्लीत काय काय होतं, ते मी सांगायला नकोच. भोंगा लावलेली रिक्षा नेमकी अभ्यासाच्या वेळेला फिरते. चौकात हात जोडलेल्या माणसांचे मोठमोठे फलक लागतात. आणि सकाळी वर्तमानपत्राची घडी उघडली की आतून रंगीत पत्रकं खाली पडतात. त्या पत्रकांची तुम्ही विमानं करता, होड्या करता. करा, माझी काही हरकत नाही. फक्त होडी करण्याआधी ते पत्रक एकदा वाचून बघा. आज मी तुम्हाला ते कसं वाचायचं, तेवढंच सांगणार आहे.

निवडून आलो तर आम्ही काय करू, हे पक्ष लोकांना लिहून देतो, त्याला म्हणतात जाहीरनामा. प्रत्येक पक्षाचं त्यासाठी आपलं आवडतं नाव असतं. शिवसेनेनं त्याला वचननामा म्हटलं, भारतीय जनता पक्ष संकल्पपत्र म्हणतो, काँग्रेसनं २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत न्यायपत्र म्हटलं. नावं वेगळी, पण आत डोकावलंत तर दोन गोष्टी बहुतेक सगळीकडे सापडतील. एक, 'आम्ही महागाई रोखू.' दुसरी, 'आम्ही तरुणांच्या हाताला काम देऊ.'

याच दोन गोष्टी का बरं? जरा आपल्या घरात बघा. धरण, बंदर, परराष्ट्र धोरण हे विषय मोठे खरे, पण ते आपल्या स्वयंपाकघरात रोज येत नाहीत. तेलाचा भाव मात्र रोज येतो. आणि शिकून तयार झालेला, पण काम नसलेला एखादा दादा किंवा ताई आपल्या घरात नसली तर शेजारी असते. मत मागायला दारात आलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून जाहीरनाम्याची सुरुवात पुष्कळदा किराणा मालाच्या यादीपासून होते.

आता महागाई म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. इथे मोठी माणसंसुद्धा गोंधळतात, बरं का! समजा, आज १०० रुपयांना मिळणारं सामान पुढच्या वर्षी १०६ रुपयांना मिळालं. म्हणजे महागाईचा दर झाला ६ टक्के. त्याच्या पुढच्या वर्षी हा दर ४ टक्क्यांवर आला. मग सामान स्वस्त झालं का? नाही! १०६ वर ४ टक्के म्हणजे आणखी सव्वाचार रुपये. सामान झालं ११० रुपयांच्या वर. महागाई कमी झाली म्हणजे भाव चढण्याचा वेग कमी झाला. भाव खाली आले, असं नव्हे. म्हणून 'महागाई कमी करू' असं वाचलं की विचारायचं, वेग कमी करणार की भाव? दोन्हींत फार फरक आहे.

स्वस्ताईचं वचन काही आजचं नाही. १९६७ साली मद्रास राज्यात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, धान्याची टंचाई होती. तेव्हा अण्णादुराईंच्या द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षानं 'रुपयाला तीन पडी तांदूळ' देण्याचं सांगितलं. पडी म्हणजे तिकडचं धान्य मोजायचं माप, आपल्या पायलीसारखं. पक्ष निवडून आला. पण प्रत्यक्षात सुरुवात झाली ती रुपयाला एक पडी इतकीच, आणि तीही मद्रास आणि कोइंबतूर या शहरांत. पुढे आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांनी दोन रुपये किलो तांदळाचं वचन दिलं आणि १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. तांदूळ खरोखरच मिळाला. पण सरकारच्या तिजोरीवर त्याचा ताण येत गेला आणि १९९६ मध्ये तो दर साडेतीन रुपये करावा लागला.

आणि आपला कांदा! १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या चढ्या भावाचा मुद्दा प्रचारात आणला होता. १९९८ मध्ये दिल्लीत कांदा इतका महागला की किलोला ४० रुपयांच्या वर गेला. त्या वेळचे ४० रुपये, हं! नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षाला ७० पैकी फक्त १५ जागा मिळाल्या. तेव्हापासून कोणताही पक्ष कांद्याला लहान समजत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीनं पाच जीवनावश्यक वस्तूंचे भाव पाच वर्षं स्थिर ठेवू असं सांगितलं. एक रुपयात झुणका-भाकर देऊ, असंही सांगितलं. युती निवडून आली, झुणका-भाकर केंद्रं सुरू झाली. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना ती नक्की आठवत असतील. पुढे सरकार बदललं आणि २००० साली ती योजना बंद झाली. २०१९ मध्ये शिवसेनेच्या वचननाम्यात दहा रुपयांच्या थाळीचं वचन आलं. २६ जानेवारी २०२० पासून 'शिवभोजन' नावानं ती थाळी सुरूही झाली.

पण एक रुपयात किंवा दहा रुपयांत जेवण होतं तरी कसं? पीठ, डाळ, तेल, गॅस यांचे भाव तर तेच असतात! शिवभोजनाचाच हिशोब बघा. शहरात एका थाळीचा दर धरला होता ५० रुपये आणि गावाकडे ३५ रुपये. जेवणाऱ्यानं दिले १० रुपये. उरलेले शहरात ४० आणि गावात २५ रुपये सरकारनं केंद्र चालवणाऱ्याला दिले. या रकमेला अनुदान म्हणतात. आणि सरकारकडे पैसे कुठून आले? तुमच्या-माझ्या घरातून! साबण घ्या, चपला घ्या, गाडीत पेट्रोल भरा, प्रत्येक वेळी आपण कर देतोच की.

भुकेल्या माणसाला स्वस्तात जेवण मिळावं, यात वाईट काहीच नाही. पावसात दिवसभर हमाली करणाऱ्या माणसाला गरम थाळी मिळाली तर तुम्हा-आम्हाला आनंदच होईल. मला एवढंच सांगायचंय की स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कुणीतरी भरत असतं. ती कोण भरणार, हे वचनाच्या पुढच्या ओळीत लिहिलेलं असायला हवं.

कधी कधी ती किंमत शेतकरीच भरतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. हेतू असा की कांदा देशातच राहावा आणि शहरातल्या लोकांना तो महाग पडू नये. पण लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल? त्याचा भाव पडला. निवडणूक चालू असतानाच, मे २०२४ च्या सुरुवातीला ही बंदी उठली. २० मे रोजी नाशिक आणि दिंडोरी मतदारसंघांत मतदान झालं आणि दोन्हीकडे सत्ताधारी आघाडीचे उमेदवार हरले. हार-जितीला कारणं पुष्कळ असतात, एकटा कांदा काही निवडणूक लढवत नाही. पण बघा गंमत! १९९८ मध्ये कांदा महाग झाला म्हणून दिल्लीकर रागावले आणि २०२४ मध्ये तो स्वस्त झाला म्हणून नाशिकचा शेतकरी रागावला. 'भाव पाडू' हे वचन शहरात टाळ्या मिळवतं आणि 'भाव देऊ' हे वचन गावात. एकाच जाहीरनाम्यात ही दोन्ही वचनं असतील तर मधला फरक कोण भरून काढणार, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता दुसरं वचन, नोकरीचं. त्यासाठी आपण बिहारला जाऊ. २०२० च्या विधानसभा निवडणुकीत तिथे मोठी चुरस होती. राष्ट्रीय जनता दलाचे तेजस्वी यादव यांनी सांगितलं, आम्ही दहा लाख सरकारी नोकऱ्या देऊ. समोरच्या बाजूनं विचारलं, पगाराला पैसे कुठून आणणार? प्रश्न अगदी बरोबर होता. पण थोड्याच दिवसांत समोरच्या भारतीय जनता पक्षाचा जाहीरनामा आला आणि त्यात होते एकोणीस लाख रोजगार!

लिलावात बोली चढते ना, तसंच झालं हे. पण तुम्ही मराठीच्या तासाला शब्दांचे अर्थ शिकता, तेव्हा इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी. एकानं म्हटलं 'नोकरी', दुसऱ्यानं म्हटलं 'रोजगार'. हे दोन शब्द सारखे आहेत का? सरकारी नोकरी म्हणजे दर महिन्याला ठरलेला पगार. रोजगार म्हणजे कोणतंही काम. चहाची टपरी टाकली तो रोजगार, कारखान्यात लागला तो रोजगार, शिलाई मशीन घेऊन घरी कपडे शिवले तोही रोजगार. नोकरी सरकारला स्वतः द्यावी लागते. रोजगार वाढायला सरकार मदत करू शकतं, पण तो पुष्कळसा दुसऱ्यांच्या हातून तयार होतो. म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून मोठा कुठला, ते बघण्याआधी आकड्यापुढचा शब्द बघायचा.

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, दहा लाख माणसांना प्रत्येकी महिना २५,००० रुपये पगार द्यायचा. २५,००० गुणिले १०,००,००० म्हणजे किती? अडीच हजार कोटी. हे झाले एका महिन्याचे. वर्षाचे झाले तीस हजार कोटी. आणि नोकरी एका वर्षाची नसते, तिशी-पस्तिशी वर्षांची असते. हा २५,००० चा आकडा मी केवळ गणितासाठी धरलाय. पण असं गणित चौथी-पाचवीतलं मूलही करू शकतं, मग मोठ्यांनी का करू नये?

महाराष्ट्रातही २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली, ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. महायुतीनं जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर ठेवण्याचं आणि २५ लाख रोजगारांचं वचन दिलं. समोर उद्धव ठाकरे यांच्या वचननाम्यातही भाव स्थिर ठेवण्याचं वचन होतं आणि महाविकास आघाडीनं बेरोजगार तरुणांना महिन्याला चार हजार रुपयांपर्यंत मदत देऊ असं सांगितलं. एकमेकांच्या वहीत बघून लिहिल्यासारखं वाटतं ना? पण त्यात नवल नाही. दोघांसमोरचे मतदार तेच, त्यांची काळजी तीच, म्हणून उत्तरपत्रिकाही सारख्या दिसतात.

यात आणखी एक पेच आहे. महागाई आणि रोजगार या दोन गोष्टी कधी कधी बागेतल्या सी-सॉसारख्या वागतात. भाव फार चढले की मुंबईत मुख्यालय असलेली आपली रिझर्व्ह बँक व्याजाचा दर वाढवते. २०१६ मध्ये कायद्यात बदल होऊन महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान, राखण्याचं काम तिच्याकडे आलं. व्याज वाढलं की कर्ज महाग होतं. लोक घर, गाडी घेणं पुढे ढकलतात, मागणी कमी होते आणि भाव चढायचे थांबतात. पण मग कारखानदारही म्हणतो, नवं यंत्र आत्ता नको, नवी माणसंही आत्ता नकोत. म्हणजे एक टोक खाली दाबलं की दुसरं वर जातं. 'एका वर्षात महागाईही थांबवू आणि भरपूर नोकऱ्याही देऊ' असं सांगणाऱ्यानं सी-सॉ दोन्ही बाजूंनी कसा खाली बसवणार, तेही सांगायला हवं. शिवाय व्याजाचा दर ठरवणं काही राज्य सरकारच्या हातात नसतं. नगरपालिकेच्या उमेदवारानं देशाची महागाई रोखायचं वचन दिलं, तर तुम्ही गालातल्या गालात हसायला मोकळे!

मग सगळी वचनं पोकळच का? मुळीच नाही. असं म्हणून पत्रकं फेकून देणारी माणसं मला पटत नाहीत. आता एक चांगलं उदाहरण सांगतो, आणि ते आपल्या महाराष्ट्राचं आहे.

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे तिकडचेच. ज्याला काम हवं त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९६५ मध्ये विसापूर भागात तसा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, रस्ते आणि पाझर तलाव बांधायला कामावर आली. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पण पैसे? इथेच खरी गोष्ट आहे. त्यासाठी १९७५ मध्ये राज्यात व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी थोडे थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. आई किंवा बाबा नोकरी करत असतील तर त्यांची पगाराची स्लिप मागून बघा. 'प्रोफेशनल टॅक्स' अशी एक ओळ दिसेल. पुष्कळांचे महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. माझ्याही पगारातून कापले जातात. ती छोटीशी ओळ म्हणजे त्या मोठ्या वचनाच्या पुढची ओळ. वचन कुणाला, काय आणि पैसे कुठले, सगळं तिथे लिहिलेलं होतं. म्हणूनच ते इतकं टिकलं. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात देशभरासाठी रोजगार हमीचं वचन आलं आणि २००५ मध्ये संसदेनं कायदा केला. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी त्यात दिली होती. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली.

वचन पाळल्याचं आणखी एक उदाहरण देतो, दुसऱ्या पक्षाचं. २०१४ च्या जाहीरनाम्यात भारतीय जनता पक्षानं भाव स्थिर ठेवण्यासाठी निधी उभारू म्हटलं होतं. निवडून आल्यावर ५०० कोटी रुपयांचा असा निधी केंद्र सरकारनं सुरू केला. त्यातून कांदा, डाळी विकत घेऊन साठवायच्या आणि भाव चढले की बाजारात आणायच्या. भाव त्यामुळे कायमचे थांबले का? नाही, कांदा त्यानंतरही रडवतोच आहे. पण काय करणार आणि कशानं करणार, हे त्या वचनात दिसत होतं, म्हणून आज आपल्याला ते तपासता येतं.

आता तुम्ही विचाराल, वचन मोडलं तर शिक्षा नाही का? नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं ५ जुलै २०१३ रोजी निवडणूक आयोगाला सांगितलं की, जाहीरनाम्यांसाठी काही नियम करा. त्याप्रमाणे २०१४ मध्ये आयोगानं आचारसंहितेत भर घातली. वचन कशासाठी देता आणि त्याला पैसा साधारण कुठून आणणार, हे जाहीरनाम्यात दिसायला हवं आणि पुरी होऊ शकतील अशीच वचनं द्या, असं त्यात म्हटलंय. म्हणजे आपण पुढची ओळ मागतो, तेव्हा काही जगावेगळं मागत नाही.

तर आता तुमचा गृहपाठ. पुढच्या निवडणुकीत, मग ती ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, निदान दोन पक्षांची पत्रकं गोळा करा. एक लाल आणि एक निळी पेन्सिल घ्या. 'काय देऊ' असं लिहिलेल्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ मारा. 'कसं देऊ, कधी देऊ, पैसे कुठून आणू' अशा वाक्यांखाली निळी रेघ मारा. मग दोन्ही रेघा मोजा. तुमच्या घरच्यांचा आवडता पक्ष असेल ना, त्याच्या पत्रकावर आधी रेघा मारायच्या, हा माझा नियम. आपल्या माणसाचा पेपर तपासताना लाल पेन्सिल जरा हळू चालते!

आणि पालकहो, मुलं रेघा मारलेला कागद घेऊन तुमच्यापुढे आली तर 'तुला काय कळतंय, अभ्यास कर' म्हणू नका. हा अभ्यासच आहे. मतदान केंद्रात आज तुम्ही एकटे जाता, पण तिथे दाबलेल्या बटणाचे भाव आणि त्या बटणाच्या नोकऱ्या या मुलांच्याच वाट्याला येणार आहेत. अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांना मत नाही, प्रश्न मात्र आजही आहेत.

दारात मत मागायला आलेल्या काका-काकूंना पाणी द्या, बसायला सांगा. आणि पत्रक हातात घेऊन अगदी नम्रपणे विचारा, "काका, याच्या पुढची ओळ कुठेय?"

काय उत्तर मिळालं, ते मला पत्रानं जरूर कळवा.